भोंगा न वाजवता

९ ऑक्टोबर. आकाश निरभ्र.

शाळेत असताना मुलांना बजावत असे, दैनंदिनीत आधी हवामान लिहा, मग मन. स्वतः मात्र निवृत्तीनंतर एक ओळही लिहिली नाही. आज वही काढली, कारण मन काही जागेवर नाही.

दुपारचं जेवण चाललं होतं आणि गल्लीत रुग्णवाहिकेचा भोंगा वाजला. लांबून आला, वळणावर मोठा झाला आणि आमच्या दारापाशी येऊन एकदम गप्प झाला. क्षणभर वाटलं, आपल्याकडेच. बायकोने, नोबुएने, हातातला वाडगा खाली ठेवला आणि पडद्याच्या फटीतून पाहिलं.

"अगंबाई! इसोगाई-सान!"

इसोगाई-सान म्हणजे समोरच्या घरातल्या. नवरा गेल्यापासून एकट्या राहतात. टोपवाली माणसं त्यांना खुर्चीत बसवून बाहेर आणत होती आणि त्या एक हात छातीवर दाबून डावीकडच्या, उजवीकडच्या, सगळ्या बंद खिडक्यांकडे मान लववत होत्या. प्रत्येक पडद्यामागे कोणीतरी उभं आहे हे त्यांना ठाऊक असणारच. आम्हीही उभे होतो. मी पडद्यामागूनच उलट नमस्कार केला.

संध्याकाळी त्या टॅक्सीने परत आल्या. स्वतःच्या पायांनी चालत घरात गेल्या. पोटात गॅस धरला होता, एवढंच.

"चला, सुटल्या," मी म्हटलं.

"सुटल्या कसल्या?" नोबुए म्हणाली. "आता घरोघर योकानची मिठाई वाटत, माफी मागत फिरावं लागेल बिचारीला."

११ ऑक्टोबर. पांढरे ढग, मेंढरांसारखे.

आल्याच इसोगाई-सान. सुरेख कागदात बांधलेला योकानचा खोका दोन्ही हातांनी पुढे केला आणि कमरेत वाकल्या.

"परवा माझ्यामुळे फार गडबड झाली. तुमच्या ऐन जेवणाच्या वेळी. आणि एवढं करून निघाला काय, तर गॅस! तोंड दाखवायला जागा नाही मला."

"छे छे," मी म्हटलं, "आम्हाला तर काही ऐकूसुद्धा आलं नाही."

"गुरुजी, पडद्यामागून नमस्कार केलात की तुम्ही. दिसलं मला."

त्या गेल्यावर आम्ही चहाबरोबर योकान खाल्लं. लाल घेवड्याची ती गुळगुळीत गोड वडी जिभेवर ठेवली की मला का कोण जाणे, शाळेतलं स्नेहसंमेलन आठवतं. नोबुए मात्र खाता खाता थांबली.

"अहो, मला काही झालं ना, तर टॅक्सी बोलवा. भोंगा नको. सगळ्या गल्लीने पडद्यामागून बघायचं, आणि मग मी बरी होऊन दारोदार वाकत फिरायचं. नको."

"आणि मला काही झालं तर?"

"तुम्हाला हातगाडीवर घालून नेईन."

हसलो दोघंही. पण ठरलं. कोणालाही काही झालं तरी आमच्या दारात भोंगा वाजायचा नाही. मी तिच्याकडून तसं दोनदा वदवून घेतलं. तिच्यापेक्षा मलाच त्या पडद्यांची जास्त धास्ती आहे, हे इथे लिहायला हरकत नाही.

मग चौथीच्या पुस्तकातली 'पैलतिरावर' म्हटली. संध्याकाळच्या चहाबरोबर एक कविता, हा आमचा जुना रिवाज.

पैलतिरावर उभी कुणीशी,
धुक्यात बुडली सारी वाट;
होडीवाला कान देउनी,
ऐकू येई नुसती लाट.

हाक घाल गे, लाजु नको गे,
दिवस बुडाया थोडा वेळ;
हाकेवरती नाव चालते,
नजरेचा ना येथे मेळ.

किती वर्गांना शिकवली असेन ही! 'हाक घाल गे' ही ओळ मी मुलांकडून अगदी हळू, कुजबुजल्यासारखी म्हणवून घ्यायचो. बाई लाजरी आहे, म्हणून.

"हाक घाल म्हणायचं आणि तेही हळू?" नोबुए म्हणाली. "होडीवाल्याला ऐकू कसं जाणार?"

तिला कवितेतलं कळत नाही. लग्नापासून कळत नाही. असो.

१५ ऑक्टोबर. ऊन कोवळं.

आज पर्सिमनची फळं सोलली. दरवर्षीप्रमाणे तुरट जातीची. सोलून दोरीला बांधायची आणि वळचणीखाली टांगायची, म्हणजे थंडीपर्यंत गोड होतात. आईच्या मांडीजवळ बसून शिकलेलं काम. साल न तुटता एका लांब पट्टीत उतरली की आई म्हणायची, "याचं आयुष्य असंच लांब होणार."

आज साल तुटली. तुटली म्हणण्यापेक्षा सुरीच हातातून सुटली आणि पाण्याच्या घमेल्यात पडली. उचलायला गेलो तर उजवा हात काही केल्या येईना. माझाच हात, समोर दिसतोय, पण मागच्या बाकावर झोपलेल्या मुलासारखा. हाक मारली तरी उठत नाही. गंमत वाटली मला. पर्सिमनच्या तुरटपणाने बोटं बधिर होत असतील.

नोबुए चहा घेऊन आली तेव्हा मी घमेल्याकडे बघत बसलो होतो.

"काय झालं? तोंड असं का केलंय?"

"कसं?"

तिने ट्रे खाली ठेवला आणि माझ्या चेहऱ्याकडे कितीतरी वेळ पाहत राहिली. लग्नानंतरच्या पहिल्या शरदात पाहायची, तशी. चहा पिऊन होईतो हात जागा झाला. मी सुरी उचलून तिला करून दाखवलं.

"डॉक्टरकडे जाऊ या," ती म्हणाली.

"कशाला? गेलं की. नाहीशा झालेल्या दुखण्याचं डॉक्टरला दाखवायचं तरी काय?"

तिने सुरी माझ्या हातातून काढून घेतली.

१८ ऑक्टोबर. वारा.

गल्लीच्या सभागृहात अग्निशमन दलाची शिकवणी झाली. आपत्कालीन फोन केव्हा करायचा आणि कसा करायचा. घरोघर फिरणाऱ्या पाटीवर सूचना आली होती, प्रत्येक घराने शिक्का मारून पुढे दिली, तेव्हा न जाऊन चालणार नव्हतं. गल्लीचे प्रमुख सेनबा-सान सगळ्यांना सपाता देत दारात उभे. शिकवायला एक तरुण मुलगी आली होती, गणवेशातली, खणखणीत आवाजाची. मला आवडली. शिक्षिका झाली असती.

फोन करण्याचा सराव करायला कोण पुढे येतं, असं तिने विचारल्यावर सेनबा-सान म्हणाले, "गुरुजींना उभं करा. आवाज आहे त्यांना."

खोटा फोन हातात दिला. ती पलीकडून म्हणाली, "एकशे एकोणीस. आग की रुग्णवाहिका?"

मी घसा साफ केला. "शरद ऋतू सरत आला असून गिंगकोची पानं पिवळी पडू लागली आहेत. अशा वेळी आपल्या कामात व्यत्यय आणत असल्याबद्दल मनःपूर्वक क्षमा मागून..."

सभागृह हसून लोटपोट झालं. इसोगाई-सान तर डोळे पुसत होत्या.

"आजोबा," ती मुलगी म्हणाली, "घर जळलं हो तोवर. ऋतू नको. क्षमा नको. मी विचारीन तेवढंच सांगायचं. पुन्हा. आग की रुग्णवाहिका?"

"रुग्णवाहिका. पण भोंगा न वाजवता आलात तर उपकार होतील."

या वेळी कोणी हसलं नाही. माझ्या लक्षात आलं, सगळ्यांनाच तिचं उत्तर ऐकायचं होतं.

"जवळजवळ प्रत्येक फोनवर हेच सांगतात," ती म्हणाली. "भोंगा बंद करता येत नाही. कायदाच आहे. भोंग्याशिवाय गाडीला रस्ता मिळत नाही आणि तुम्ही आत मेलात तरी शेजाऱ्यांची झोप मोडत नाही. कोणती झोप महत्त्वाची, ते तुम्ही ठरवा."

मोठी फटकळ मुलगी. मग तिने क्रम सांगितला. आधी आग की रुग्णवाहिका. मग पत्ता, जवळची खूण. मग कोणाला, वय काय, काय होतंय. पलीकडचा माणूस सांगेपर्यंत फोन ठेवायचा नाही. चुकून तुटला तर ते उलट करतात, उचलायचा. गाडी पत्ता सांगतानाच निघालेली असते, म्हणून पुढच्या प्रश्नांनी चिडायचं नाही. दार उघडं ठेवायचं. कोणीतरी वळणावर उभं राहून हात हलवायचा. नक्की ठरत नसेल तर सल्ल्याचा एक वेगळा क्रमांक आहे. पण तोंड एका बाजूला ओघळलं, एक हात वर राहत नाही, बोलणं विचित्र झालं, यातलं एक जरी दिसलं तर सल्लाबिल्ला नाही, सरळ एकशे एकोणीस.

शेवटी ती 'नंतर बरं वाटलं तरीसुद्धा' असं काहीतरी फार जोर देऊन सांगत होती. पण तेवढ्यात खिडकीबाहेरच्या गिंगकोवर वाऱ्याचा झोत आला आणि सोनेरी पानांचा असा काही पाऊस पडला की माझं लक्ष उडालं. वळून पाहिलं तर नोबुए हात वर करून काहीतरी विचारत होती. आयुष्यात कधी सभेत तोंड न उघडणारी बाई! उत्तर ऐकून ती खाली बसली आणि माझ्याकडे पाहिलं.

घरी येताना सगळा रस्ता माझा उजवा हात धरून चालली. काय विचारलंस, म्हटलं, तर म्हणाली, "काही नाही. उद्या डॉक्टरकडे जाऊ."

"पर्सिमन वाळू देत. मग बघू."

२२ ऑक्टोबर. ढगाळ.

नोबुएचं काहीतरी बिनसलंय.

सकाळी डोळे उघडतो तर ही उशाशी बसलेली. म्हणते, "हसून दाखवा." हसलो. "दोन्ही हात वर करा." केले. "कविता म्हणा." म्हटली. मग दीर्घ श्वास सोडून भात बघायला जाते. रोज हेच. पहिल्या दिवशी वाटलं, म्हातारपणी प्रेमाला बहर आलाय. पण आज तिने हात वर करून धरायला लावले आणि स्वतः डोळे बारीक करून पाहत राहिली, शिंपी पाहतो तसं.

आणखी पुष्कळ आहे. इथे मांडून ठेवतो, पुढे डॉक्टरला सांगायला उपयोगी पडेल. फोन बैठकीतून काढून व्हरांड्याच्या दारापाशी आणून ठेवला. एवढी लांब वायर बाजारातून मुद्दाम आणली. भिंतीवर मोठ्या अक्षरांत आमचा पत्ता लिहून लावला आहे: 'मिझुबे पेठ, दुसरा विभाग, न्हाणीघराच्या मागे, निळं फाटक.' लग्न होऊन आल्यापासून या घरात राहते. आता स्वतःचा पत्ता लिहून ठेवावा लागतो? मला गलबलून आलं.

दुपारी तिला विचारलं, "नोबुए, आज वार कोणता?"

"बुधवार."

"आपला पंतप्रधान कोण?"

"अहो, बरे आहात ना तुम्ही?" असं म्हणून तिनेच घाबरून माझ्या कपाळाला हात लावला.

२७ ऑक्टोबर. रिमझिम.

संध्याकाळी पेठेच्या सार्वजनिक न्हाणीघरात गेलो होतो. कढत पाण्यात मानेपर्यंत बसलं की जुने वर्ग डोळ्यांसमोर येतात, खिडकीतलं ऊन, खडूचा वास. आज कविता म्हणू लागलो आणि सातवी ओळ येईना. 'दिवस बुडाया थोडा वेळ', आणि पुढे धुकं. मग शेजारच्या सेनबा-सानकडे साबण मागितला. साबणच मागितला, मला ठाऊक आहे. पण सगळे हसायला लागले. सेनबा-सान म्हणाले, "गुरुजी, ही कुठली भाषा?" मीही हसलो. कपडे घालताना बोटांना बटणं सापडेनात. मग सगळं आपोआप ठीक झालं, साबण, बटणं सगळं. ती ओळ मात्र अजून आलेली नाही. वही उघडून वरची कविता पाहता येईल, पण नाही पाहायची. गुरुजीने पुस्तकात बघून म्हणायची म्हणजे नामुष्की.

घरी हे सांगितलं नाही. नोबुएची आधीच अशी अवस्था, तिच्या डोक्याला आणखी ताप कशाला?

२८ ऑक्टोबर. पाऊस थांबला.

नोबुए बाजारात गेल्यावर सल्ल्याच्या क्रमांकावर फोन केला. तिच्याबद्दल विचारायला. परिचारिका होती, गोड आवाजाची.

मी सगळं व्यवस्थित सांगितलं. बायको रोज मला हसायला लावते, हात वर करायला लावते, घराचा पत्ता भिंतीवर लिहिलाय.

"त्यांचं बोलणं अडखळतं का?"

"तिचं? छे! ऐकवत नाही इतकं चालतं."

"हात-पाय?"

"ठणठणीत."

"आजोबा, त्या तुम्हाला हसायला का लावतात?"

"तेच तर विचारतोय तुम्हाला!"

"तुम्हाला मध्यंतरी काही झालं होतं का? हात बधिर होणं, शब्द चुकणं?"

"ते होय! झालं होतं थोडंसं. पर्सिमनमुळे. गेलं ते."

तिचा आवाज एकदम बदलला. "आजोबा, नीट ऐका. शेवटचं कधी झालं? घरात आत्ता कोण आहे? मी तुम्हाला आत्ताच्या आत्ता..."

बिचारी गोंधळली. मी नोबुएबद्दल विचारत होतो आणि ही माझ्याच चौकशीत शिरली. तेवढ्यात टोफूवाल्याचा कर्णा वाजला आणि मी भांडं घेऊन जायला निघालो. "तुमचा वेळ घेतला, क्षमस्व, थंडी वाढतेय, प्रकृतीला जपा," असं म्हणून फोन ठेवला. नंतर तो दोन वेळा वाजला. टोफूवाला वाट बघत होता.

हल्लीच्या मुलींना एका वेळी एक गोष्ट ऐकायची सवय नाही.

३१ ऑक्टोबर. पहिलं धुकं.

आता शंका उरली नाही.

छत्री शोधायला कपाट उघडलं तर वरच्या फळीवर योकानचे खोके. एकावर एक रचलेले, कागदात बांधलेले. सगळ्या गल्लीला पुरतील एवढे. आमच्याकडे ना कोणाचं लग्न, ना श्राद्ध, ना कोणी आजारी. कोणासाठी आणले असतील?

"नोबुए, हे काय?"

ती दारात उभी होती. चोरी पकडल्यासारखा चेहरा.

"असू देत. बरे मिळाले म्हणून आणले."

"पण कोणाला द्यायचे?"

ती पुढे आली. माझ्या अंगरख्याचं बटण नीट लावलं. मग म्हणाली, "पाच तारखेला डॉक्टरची वेळ घेतली आहे. पर्सिमनचं निमित्त सांगायचं नाही. यायचं."

मी लगेच हो म्हटलं. तिलाही त्याच डॉक्टरला दाखवून घेता येईल.

२४ नोव्हेंबर. हवामान हॉस्पिटलच्या खिडकीतून नीट दिसत नाही.

डाव्या हाताने. अक्षर पहिलीतल्या मुलाचं. बोलायला शिकवणारी बाई म्हणते, लिहा, चुकलं तरी लिहा. एक वाक्य लिहायला फार वेळ जातो.

त्या दिवशी. तीन तारीख. डॉक्टरची पाच होती.

दुपारी व्हरांड्यात पर्सिमन दाबत होतो. अर्धी वाळली की बोटांनी हळूहळू चेपायची, गर मऊ होतो. उजव्या हाताने चेपत होतो. चेपलं जाईना. मग वळचण वर गेली. मी खाली गेलो होतो. खालून पर्सिमनची रांग फार सुंदर दिसत होती, आकाशात दिवे लावल्यासारखी. ते मला नोबुएला दाखवायचं होतं.

तिचा चेहरा आला. म्हणाली, "हसून दाखवा."

ही काय वेळ? पण हसलो. ती पांढरी पडली.

तिचा हात मागे गेला. व्हरांड्याच्या दारापाशी फोन. तिने फिरवला. मला म्हणायचं होतं, ठरलंय ना आपलं, टॅक्सी. तोंडातून काय गेलं कोण जाणे. मग मी डावा हात लांब केला आणि फोनची कळ दाबली. तुटला.

लग्नापासून आजतागायत नोबुएने माझ्यावर हात उगारला नव्हता. फाडकन फटका मारला हातावर. "मरा मग ठरल्याप्रमाणे!" असं ओरडली आणि लगेच रडू लागली. त्याच क्षणी फोन वाजला. उलट आला होता. शिकवणीत सांगितलं होतं तसा.

तिने डोळे पुसले. भिंतीकडे पाहिलं.

"रुग्णवाहिका. मिझुबे पेठ, दुसरा विभाग, न्हाणीघराच्या मागे, निळं फाटक. नवरा. अठ्ठ्याहत्तर. तोंड वाकडं झालंय, उजवा हात पडतोय, बोलता येत नाही. आत्ता, माझ्या डोळ्यांसमोर. याआधी दोनदा होऊन गेलंय. आधी पर्सिमन सोलताना, मग न्हाणीघरात."

ऋतू नाही. क्षमा नाही. आणि आवाज! सभेत तोंड न उघडणाऱ्या बाईचा तो आवाज न्हाणीघराच्या धुराड्यापर्यंत गेला असेल. समोरचं दार धाडकन उघडलं. इसोगाई-सान पायात घरातल्या सपाता तशाच घालून, हातात एप्रन घेऊन धावत वळणाकडे गेल्या. जाता जाता ओरडल्या, "मी आहे गं कोपऱ्यावर! दार उघडं ठेव!"

मग भोंगा. लांबून आला. मला लाज वाटायला हवी होती. वाट पाहिली तिची, आली नाही. उलट मध्येच कुठे सिग्नलपाशी तो बारीक झाला, तेव्हा छातीत धस्स झालं. असं का झालं, कळत नाही.

डॉक्टर म्हणतात, लवकर आणलं म्हणून एवढ्यावर निभावलं. हात येईल, पाय आलाच आहे. शब्द येतील. आधीचे दोन झटके म्हणजे इशारे होते म्हणे. तेव्हाच फोन करायचा असतो, गेलं तरी करायचा असतो. नोबुए खाली मान घालून ऐकत होती. जणू परीक्षेत नापास झालेली तीच.

न्हाणीघरातलं हिला कसं ठाऊक? विचारायला शब्द सापडला नाही. बोट दाखवून विचारलं. म्हणाली, "सेनबा-काकूंनी त्याच दिवशी सांगितलं. तेव्हाच करायला हवा होता. पाच तारखेची वाट बघत बसले."

म्हणजे हिची स्मरणशक्ती शाबूत आहे. फार बरं वाटलं.

१० डिसेंबर. रात्री हिमाचा शिडकावा, सकाळी ऊन.

घरी आलो त्याला आठवडा झाला. आज आम्ही दोघं गल्लीत फिरलो. मी काठी टेकत, नोबुए योकानचे खोके घेऊन. क्षमा मागायला.

सेनबा-सान दारातच म्हणाले, "छे छे, गुरुजी, आम्हाला तर काही ऐकूसुद्धा आलं नाही."

त्यांच्या बायकोने त्यांना कोपर मारलं. "नाही कसं? सपाता घालून फाटकापर्यंत गेला होतात की!"

प्रत्येक दारात नोबुए बोलायची, मी वाकायचो. 'क्षमा' हा शब्द मला अजून वेळेवर सापडत नाही. जिभेच्या मागे कुठेतरी लपून बसतो. शेवटी इसोगाई-सानचं दार आलं. त्यांच्यासमोर तरी स्वतः म्हणावं, असं ठरवून तोंड उघडलं. शब्द नाही. त्या थांबल्या. नोबुए थांबली. माझ्या कानशिलापर्यंत गरम झालं आणि मग, मी न बोलावता, ती आली.

"हाक घाल गे, लाजु नको गे, दिवस बुडाया थोडा वेळ, हाकेवरती नाव चालते..."

सातवी ओळ! न अडखळता, शेवटपर्यंत, अख्खी. आवाजावर माझा ताबा अजून नाही, त्यामुळे फार मोठ्याने आली. शेजारची दोन-तीन दारं उघडली. दारंच उघडली, पडदे कोणी बाजूला करत बसलं नाही.

"अहो," नोबुए हळूच म्हणाली, "'हाक घाल गे' ही ओळ कुजबुजायची ना?"

इसोगाई-सान खोका छातीशी धरून उभ्या होत्या. "गुरुजी," त्या म्हणाल्या, "खरं सांगू? ऐकला मी भोंगा. अख्ख्या पेठेने ऐकला. माझ्या वेळी गॅस होता, म्हणून मी तोंड लपवत होते. आता पुन्हा काही झालं तर मी ओरडणार. मग गॅस असो नाही तर काही असो. आणि तुम्ही माझ्याकडचं योकान खायचं मुकाट्याने."

बोलायला शिकवणाऱ्या बाईला हे सांगितलं, तर म्हणाली, असं होतं; साधे शब्द अडतात आणि पाठ केलेली गाणी सुरळीत येतात. म्हणजे आता मला क्षमा मागायची असली तर ती कवितेत बसवून पाठ करावी लागणार. करीन.

एक मात्र मला अजून उलगडलेलं नाही. हॉस्पिटलमधून आल्यावर वही चाळली. खोके ३१ ऑक्टोबरला कपाटात होते. मी पडलो तीन नोव्हेंबरला. आधीच कसे आणले? विचारलं, तर म्हणते, "सांगितलं ना, बरे मिळाले." वर पुन्हा माझ्याकडे तसंच पाहते.

आणि आज संध्याकाळी, सगळे वाटून झाले असताना, ही बाजारात जाऊन तेवढेच खोके पुन्हा घेऊन आली. स्टुलावर चढून वरच्या फळीवर रचले, एकावर एक.

"आता कोणासाठी?" मी विचारलं. एवढे दोन शब्द मला नीट आले.

"कोणासाठी म्हणून नाही," ती खाली उतरत म्हणाली. "योकान वर्षभर टिकतं."

मग माझ्या समोर येऊन बसली.

"हं, हसून दाखवा."